सांधेदुखीचे वेगवेगळे आजार: आयुर्वेदातील एका भेदाचा इतिहास

सांधेदुखीवर तेल चोळावे, शेक घ्यावा आणि गुग्गुळाच्या गोळ्या खाव्यात, एवढ्यावर आज आयुर्वेदाची ओळख थांबते. परंतु प्राचीन वैद्यकग्रंथ क्रमाने वाचले असता असे दिसते की, या शास्त्राने सुमारे दीड हजार वर्षे दुखणाऱ्या सांध्यांमध्ये भेद करण्यासाठी जेवढे श्रम घेतले, तेवढे ते दुखणे थांबवणारे एखादे सर्वसामान्य औषध शोधण्यासाठी घेतले नाहीत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधी आणि वातरक्त असे दोन लागोपाठचे अध्याय आहेत. वातव्याधीच्या अध्यायात सांध्यात शिरलेल्या वायूचे, म्हणजे संधिगत वाताचे, वर्णन अवघ्या दोन ओळींत येते: हवेने भरलेल्या कातडी पिशवीसारखी हाताला लागणारी सूज आणि सांधा पसरताना व आखडताना होणारी वेदना. वाढत्या वयातील गुडघेदुखीचे हे वर्णन आजच्या वाचकालाही ओळखीचे वाटेल. वातरक्त हा मात्र वेगळाच आजार मानला गेला. त्यात वायू आणि रक्त दोन्ही बिघडतात, प्रारंभ बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होतो, आणि खारट-आंबट अन्न, मद्य, बैठे जीवन तसेच हत्ती-घोड्यांवरील प्रवास ही त्याची कारणे सांगितली आहेत. सुखवस्तू माणसांचा आजार म्हणून त्याला ‘आढ्यवात’ असेही नाव होते. चरकाने त्याचे त्वचेलगतचा ‘उत्तान’ आणि खोलवर गेलेला ‘गंभीर’ असे दोन प्रकार केले. सुश्रुताने ते नाकारले आणि एकच आजार आधी वर असतो व काळाने खोल जातो, असे प्रतिपादन केले. या ग्रंथांना एकमुखी परंपरा समजणाऱ्यांनी हा मतभेद अवश्य पाहावा.

उपचारही त्यानुसार निराळे होते. संधिगत वातात सुश्रुताने स्नेहन, औषधी लेप गरम बांधण्याचा उपनाह, मर्दन आणि तापवलेल्या साधनाने डाग देण्याचे अग्निकर्म सांगितले, तर वातरक्तात रक्तमोक्षण आणि गुळवेल यांना महत्त्व मिळाले.

या मांडणीत खरी भर इसवी सनाच्या 700 च्या सुमारास माधवकराने घातली. त्याचा ‘रोगविनिश्चय’ हा ग्रंथ, जो पुढे ‘माधवनिदान’ याच नावाने प्रसिद्ध झाला, केवळ रोगपरीक्षेसाठी लिहिलेला आहे. त्यात औषधे नाहीत. जुन्या संहितांमध्ये ओझरता येणारा ‘आमवात’ हा शब्द माधवाने उचलला आणि त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. ‘आम’ म्हणजे जठराग्नी मंद झाल्यामुळे नीट न पचलेला अन्नरस. ही कल्पना नवी नव्हती, वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही तिची व्याख्या आहे. नवे होते ते असे की, हा आम वायूच्या जोरावर कफाच्या स्थानांत, म्हणजे सांध्यांत, साचतो आणि त्यातून अंगदुखी, अरुची, जडपणा, ताप व अनेक सांध्यांची सूज एकत्र उद्भवते, ही सलग कारणपरंपरा. दुखण्याची तीव्रता सांगताना विंचवाच्या दंशाचा दाखला दिलेला आहे. आजच्या वैद्यकातील ऱ्हुमॅटॉइड संधिवाताशी या वर्णनाचे साम्य अनेकांनी दाखवले असले, तरी दोन्ही एकच आहेत असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण माधवाचे निदान रक्ततपासणीवर नव्हे तर पचनाच्या अवस्थेवर उभे होते.

या भेदाचा व्यवहारातील परिणाम मोठा होता. अकराव्या शतकात बंगालमध्ये चक्रपाणिदत्ताने रचलेल्या चिकित्साग्रंथात आमवाताच्या उपचाराचा क्रम लंघनापासून, म्हणजे उपवास वा अत्यंत हलक्या आहारापासून, सुरू होतो. त्यानंतर स्वेदन, कडू-तिखट व अग्निदीपक द्रव्ये, विरेचन आणि मग स्नेहपान व बस्ती येतात. स्वेदनही कोरडे, तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने करायचे. संधिगत वातात जे तेल पहिल्या दिवसापासून हितकर, तेच आम असताना त्याज्य, असा हा निर्णय होता. एरंडेल त्याला अपवाद ठरले, कारण ते स्निग्ध असूनही रेचक आहे. आमवातरूपी हत्तीला मारणारा सिंह अशी त्याची स्तुती संस्कृत ग्रंथांत केलेली आहे, आणि महाराष्ट्रातील घरगुती औषधांत सुंठीच्या काढ्यातून एरंडेल देण्याची रीत त्याच विचाराशी जुळते.

महाराष्ट्रात वाग्भटाचे अध्ययन विशेष रुजले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. वाग्भटात वातव्याधी व वातरक्त यांना अध्याय आहेत, आमवाताला स्वतंत्र अध्याय नाही, त्यामुळे त्याच्या निदानासाठी वैद्याला माधवनिदानाकडे वळणे भाग होते. एकोणिसाव्या शतकात हे ज्ञान गुरुगृहातून छापखान्यात आणि कारखान्यात आले. पनवेल येथे 1872 मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर औषधी कारखाना काढला. मुंबईत अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले अष्टांगहृदय 1880 मध्ये प्रसिद्ध झाले. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ या मराठी ग्रंथाने औषधींची माहिती सामान्य घरात पोहोचवली. मुद्रणाने ग्रंथ वाचवले, यात शंका नाही. तयार औषधांनी मात्र एक जुना दुवा सैल केला: वैद्य रोगी पाहून तेल द्यावे की उपवास घडवावा हे ठरवत असे, तर बाटली विकत घेणाऱ्याला तसे विचारणारे कोणी उरले नाही.

द्रव्यांच्या बाबतीतही प्रश्न सोपे नाहीत. वातावरील अनेक काढ्यांतील ‘रास्ना’ म्हणून उत्तरेत एक वनस्पती वापरतात, बंगालमध्ये दुसरी आणि केरळात तिसरीच. कच्छ व राजस्थानच्या कोरड्या प्रदेशांत वाढणारा गुग्गुळ झाडाला घाव घालून काढला जातो. अतोनात काढणीमुळे आज त्या झाडाची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते. शिवाय ‘नैसर्गिक’ हे विशेषण सर्व योगांना लागू पडत नाही, कारण महायोगराज गुग्गुळात शिसे, कथील यांसारख्या धातूंची भस्मे आणि पाऱ्यापासून केलेले रससिंदूर असते.

आधुनिक कसोटीही या औषधांना अपरिचित नाही. पुण्यातील संशोधकांच्या पुढाकाराने 440 गुडघेरुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत सुंठ, गुळवेल, साळई व गुग्गुळ यांवर आधारलेले योग ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. मात्र काही रुग्णांत यकृताच्या तपासणीतील आकडे वाढलेले आढळले. ही चाचणी झिजेच्या गुडघेदुखीची होती, म्हणून तिचा निष्कर्ष सुजलेल्या, ताप आणणाऱ्या सांध्यांना लावता येत नाही. प्रत्येक दुखऱ्या सांध्यावर एकच तेल सुचवणाऱ्या जाहिरातीही हाच भेद पुसतात, आणि आमवाताच्या पहिल्या अवस्थेपुरते बोलायचे तर त्यांचा सल्ला चक्रपाणिदत्ताने सांगितलेल्या क्रमाच्या थेट विरुद्ध आहे.