अश्वशक्ति आणि काळी माती

गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या पुसदेहून यवतमाळास आला, तो हातांत दोन छापील पत्रकें घेऊनच. शेतावर हिंडण्यासाठीं चारही चाकांना गति मिळणारी, मोटारसायकलीप्रमाणें मांड टाकून बसावयाची छोटी गाडी त्याला घ्यावयाची होती. एकीचें इंजिन 570 सी. सी. चें, दुसरीचें 1000 सी. सी. चें. ‘‘काका, कोणती घेऊं?’’ हा त्याचा प्रश्न. नळकांड्यांत दट्ट्या सरकतांना जेवढी पोकळी व्यापतो तिचें हें माप, एवढें मला ठाऊक होतें. त्यापलीकडे मी यंत्रज्ञ नव्हे. शाळेंत इतिहास-भूगोल शिकविण्यांत माझा जन्म गेला. परंतु हाच प्रश्न पूर्वीं एकदां फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला होता, आणि त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

1940 च्या जुलै महिन्यांत अमेरिकन सैन्यानें 135 कारखान्यांना पत्रें धाडून टेहळणीसाठीं हलकी, चारही चाकें फिरविणारी गाडी मागविली. नमुना हजर करण्यास मुदत अवघी 49 दिवसांची! बँटम नांवाच्या एका लहानशा कारखान्यानें 23 सप्टेंबरला आपली गाडी नेऊन उभी केली. विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड हे मागाहून आले. बँटमचें इंजिन सुमारें 1,800 सी. सी. चें व 45 अश्वशक्तीचें. फोर्डनें आपल्या ट्रॅक्टरचेंच इंजिन थोडेंफार बदलून बसविलें. त्याची शक्तिहि तितपतच. विलीजचें मात्र 2,199 सी. सी. चें आणि 60 अश्वशक्तीचें. कारखान्याचे इंजिनियर डेल्मर रूस यांनीं 48 अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनांतूनच तें सुधारून काढलें होतें.

चढावर व वाळूंत विलीजची गाडी सरस ठरली. पण ती फार जड होती. सैन्यानें घातलेली मर्यादा 2,160 पौंडांची, आणि गाडी तिच्या बरीच पुढें गेलेली. लहान इंजिन घालून वजन उतरवावें हा सोपा मार्ग होता. रूस यांनीं तो पत्करला नाहीं. त्यांनीं इंजिन तसेंच ठेवलें आणि बाकीची सारी गाडी कातरली. बोल्टांचीं जास्त लांब टोकेंसुद्धां कापलीं. रंगाचा थर किती जाड द्यावा याचाहि हिशेब केला! 1941 सालीं विलीजला मोठें कंत्राट मिळालें, आणि पुढें फोर्डलाहि त्याच नमुन्याबरहुकूम गाड्या कराव्या लागल्या. ज्या बँटमनें पहिली गाडी घडविली, तिच्या वाट्याला जीपमागें ओढावयाचे गाडे बनविण्याचें काम आलें. मला तरी हा न्याय थोडा कडूच वाटतो.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, तर मग मोठें इंजिन घ्यावें, झालें! पण आमच्या जिल्ह्याची काळी माती निराळें सांगते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी निसरडी होते. बैलबंडीचीं चाकें नुसतीं घरंगळतात. जमिनींत रुततात ते बैलांचे खूर, आणि ओढ तेथून येते. मोटारींत मात्र चाकालाच खुराचेंहि काम करावें लागतें. मागचींच दोन चाकें फिरणाऱ्या गाडीला दोनच पाय. ते घसरले म्हणजे इंजिन जितकें बलवान तितका खड्डा खोल.

पैनगंगेच्या कांठच्या एका गांवीं मी नवाच शिक्षक होतों तेव्हांची गोष्ट. श्रावणांत एका अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याच्या गांवीं न्यावयाचें होतें. गांवांत आलेला एक मालट्रक तयार झाला. त्याची शक्ति शंभर घोड्यांच्या घरांतली. पण पांदणीच्या तोंडाशींच तो आंसापर्यंत रुतून बसला. तीन तास गेले. अखेरीस कोणीतरी शेजारच्या गांवाहून जुनी जीप आणली. चालकानें दुसरा दांडा ओढला आणि मुंगीच्या पावलानें गाडी पांदणीबाहेर काढली. बाई वांचली, मूल वांचलें नाहीं. त्या दांड्याचें मर्म मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. मूळच्या विलीज जीपमध्यें तो लावून पहिल्या गिअरांत इंजिनाचे सुमारें पंचवीस फेरे होतात तेव्हां चाकाचा एक होतो. वेग जातो, रेटा वाढतो, आणि तो चार ठिकाणीं वांटला जातो.

तरी जीप सर्वसमर्थ होती असें कोणीं समजूं नये. टायरच्या खांचांत चिखल भरला म्हणजे चारही चाकें गुळगुळीत भेंडोळीं होत, आणि तीहि तेथेंच बसे.

आपल्या देशांत ही गाडी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत जुळविली जाऊं लागली. 1945 सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें हें काम हातीं घेतलें. यांत एक गंमत आहे. विलीजचें इंजिन 2,199 सी. सी. चें; त्याच मापाची सुधारलेली आवृत्ति पुढें 72 अश्वशक्ति देऊं लागली. नंतर प्यूजो धर्तीचें डिझेल इंजिन आलें, तें 2,112 सी. सी. चें. आणि 2020 सालच्या ‘थार’ गाडीचें डिझेल इंजिन 2,184 सी. सी. चें! ऐंशी वर्षांत पोकळी जवळजवळ तीच, पण शक्ति 60 वरून 130 वर गेली. तेव्हां नुसत्या सी. सी. वरून शक्ति ओळखणें म्हणजे घागरीच्या आकारावरून आंतल्या पाण्याची चव सांगणें होय.

पुतण्याच्या गाडीचें कुळ याहून पुष्कळ अलीकडचें. होंडानें 1970 सालीं तीन चाकांचें वाहन काढलें. सुझुकीनें 1983 च्या सुमारास 125 सी. सी. चें चार चाकांचें आणलें. आणि चारही चाकांना गति देणारी होंडाची 350 सी. सी. ची गाडी 1986 सालची. आम्ही दोघांनीं कागद घेऊन हिशेब मांडला. जुनी जीप अकराशें किलोंच्या आंतबाहेर आणि 60 अश्वशक्तीची, म्हणजे शंभर किलोंमागें साडेपांच. 570 ची छोटी गाडी सुमारें सव्वातीनशें किलोंची आणि चाळिसाच्या आसपास अश्वशक्तीची, म्हणजे शंभर किलोंमागें बारा. ज्या जीपनें पांदण पार केली तिच्या दुप्पट! 1000 ची गाडी नव्वद अश्वशक्तीच्या घरांत जाते; तें बळ मोकळ्या माळावर धांवण्यास उपयोगी. आमच्या कपाशीच्या धुऱ्यावर तें चाक गरगर फिरवून मातीच उडवील.

पुतण्यानें 570 चीच गाडी घेतली. वांचलेल्या पैशांतून त्यानें खोल खांचांचे टायर आणि गाडीपुढें बसविण्याचा, रुतल्यास झाडाला दोर बांधून ओढून घेण्याचा रहाट मागविला आहे. रहाट अद्याप आलेला नाहीं, आणि मृग तोंडावर आला आहे.