विंचू, बिरवाडी आणि अकरा महिन्यांची ऑर्डर

सवचा माणूस म्हटलं की समोरचा गरम पाण्याच्या कुंडांबद्दल विचारतो. आज विषय वेगळा आहे.

परवा एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्सताईंशी बोलत होतो. म्हटलं, "तुम्ही खासगीकरणाविरुद्ध संप करता, पण दवाखाना विकलाय कुठे?" त्या हसल्या. "दादा, बिल्डिंग सरकारचीच राहणार. आतली माणसं तेवढी ठेकेदाराची होणार."

तेव्हापासून बिरवाडी डोक्यात आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा आपल्याकडे लाल विंचू चावला की माणूस आधी भगताकडे जायचा, मग दवाखान्यात. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, शेवटी तोंडातून गुलाबी फेस. पुस्तकात धड उपचार नव्हता. डॉक्टर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसले, नाडी आणि ब्लडप्रेशर लिहीत राहिले. विष हृदयावर काय करतं, ते या नोंदींतून उलगडलं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने ती निरीक्षणं छापली. पुढे प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी लागू पडली. त्यावरचा त्यांचा आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा लेख १९८६ मध्ये तिथेच आला. गंभीर रुग्णांत जिथे शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, तिथे हा आकडा दोन-तीनच्या आत आला.

कुणी म्हणेल, नंतर त्यांनीही महाडात स्वतःचं हॉस्पिटल काढलंच ना? बरोबर आहे. खासगी म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं नाहीच. याच डॉक्टरांनी २०१३ मध्ये रुग्ण पाठवल्याबद्दल आलेला १२०० रुपयांचा कमिशनचा चेक परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. प्रश्न पाटीचा नाही, हिशोब कोणाच्या फायद्याचा, हा आहे.

आता मागे वळून बघा. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितलं. प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यातूनच आली. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं, सोबत कंत्राटी भरतीही आली. २०१२ मध्ये जीवनदायी योजना सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. ऑपरेशनचा सरकारी पैसा विमा कंपनीमार्फत खासगी हॉस्पिटलकडेही जाऊ लागला. २०१४ मध्ये १०८ ची गाडी आली, तीही ठेक्यावर. या गाडीने आपल्या घाटात जीव वाचवलेत, हे नाकारून चालणार नाही. मग मे २०२२ मध्ये नर्सची भरतीच बाहेरच्या एजन्सीकडून करायचं ठरलं, तेव्हा राज्यभरातल्या नर्स संपावर गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी नोकरभरतीसाठी नऊ एजन्सी नेमल्या. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये निर्णय मागे घेतला.

एकेक गोष्ट सुटी पाहिली तर बरीच वाटते. सगळ्या एका ओळीत मांडल्या की नर्सताईंचं वाक्य कळतं. दवाखाना कुणी एका दिवसात विकत नाही, तो एकेका खुर्चीने हलतो.

आणि तोटा फक्त पगाराचा नाही. कुठल्या वाडीत कोण गरोदर आहे, पावसात कुठला साकव बंद होतो, कोण लाजून दुखणं लपवतं, हे कळायला वर्षं लागतात. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेली पोरगी हे शिकते तोवर तिला पुढच्या ऑर्डरची काळजी लागते. बिरवाडीतल्या त्या नोंदी कुणीतरी ठाण मांडून बसलं म्हणून झाल्या. महिन्याला माणूस बदलला असता, तर विंचवाने अजून किती नेले असते?

येत्या ग्रामसभेत रस्ते-पाण्याबरोबर एवढं विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती आणि त्यातली कायम किती? तीनच आकडे. लिहून घ्या, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.