दाबा आणि फिरवा : बालरोधक झाकणाचा इतिहास

काही औषधांच्या बाटल्यांची झाकणे नेहमीसारखी फिरवली तर उघडत नाहीत, नुसती खटखट वाजतात. तळहाताने खाली दाबून, दाब तसाच ठेवून फिरवले तरच ती निघतात. अशा झाकणाला आपण 'बालरोधक' म्हणू. मुलाला मुळीच उघडता येणार नाही असा या शब्दाचा अर्थ नाही, हे आधीच लक्षात घ्या. यंत्र म्हणून ते साधे आहे. अवघड आहे ते त्यामागचे कोडे : चार वर्षांच्या मुलाला उघडता येऊ नये, पण बोटांचे सांधे धरलेल्या आजीला उघडता यावे. नुसती ताकद पाहिली तर या दोन हातांत फारसा फरक नसतो. मग फरक शोधायचा कुठे?

सुरुवात ॲस्पिरिनपासून करू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लहान मुलांसाठी संत्र्याच्या चवीची, चघळायची ॲस्पिरिन मिळू लागली. मुलाने औषध थुंकू नये म्हणून ते गोड केले, आणि मुले ते खाऊसारखे खाऊ लागली. मुलांच्या विषबाधेच्या कारणांत ॲस्पिरिन सर्वांत वर गेली. १९५३ साली शिकागोत विषबाधेसंबंधी सल्ला देणारे पहिले केंद्र निघाले. ड्यूक विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ जे अरेना सुरक्षित झाकणासाठी उत्पादकांच्या मागे लागले होते.

त्या काळातला एक उपाय झाकणाचा नव्हताच : बाटलीत गोळ्याच कमी ठेवायच्या. लहान मुलांच्या ॲस्पिरिनची गोळी ८१ मिलिग्रॅमची, आणि एका बाटलीत जास्तीत जास्त ३६ गोळ्या. गुणाकार करून पाहा : सुमारे २.९ ग्रॅम. १२ किलो वजनाच्या मुलाने पूर्ण बाटली संपवली तरी दर किलोमागे साधारण २४३ मिलिग्रॅम होतात. १५० च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, ३०० च्या पुढे ती गंभीर मानतात. म्हणजे मूल आजारी पडेल, दवाखान्यात न्यावे लागेल, पण बहुधा वाचेल. मला हा उपाय फार आवडतो. त्यात एकही हलता भाग नाही.

झाकणाची गोष्ट मात्र कॅनडातल्या विंडसर या कारखान्यांच्या गावी घडली. तिथल्या ओतेल-द्यू रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ आँरी ब्रो यांच्याकडे १९५७ पासून विषबाधा केंद्राचीही जबाबदारी होती. पालकांना 'औषधे उंचावर ठेवा' असे सांगून प्रश्न सुटत नव्हता. गावातले साचे बनवणारे कारखानदार पीटर हेजविक यांच्या मदतीने १९६७ मध्ये 'पाम-अँड-टर्न' झाकण तयार झाले. नावातच कृती आहे : तळहात ठेवा आणि फिरवा. त्या भागात मुलांच्या विषबाधेचे प्रसंग ९१ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले जाते. एका गावावरून काढलेला आकडा आहे, तेव्हा तो जपूनच वापरावा. पण १९७४ मध्ये ओंटारिओ प्रांताने अशी झाकणे सक्तीची केली.

आज या तत्त्वावरच्या झाकणात बहुधा एकात एक बसणाऱ्या दोन टोप्या असतात. आटे आतल्या टोपीला, हात लागतो बाहेरच्या टोपीला. दोहोंमध्ये एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने उतरते दाते असतात. लावताना सरळ बाजू एकमेकांना भिडतात आणि आतली टोपी आवळली जाते. उघडताना उतरत्या बाजू एकमेकांवरून घसरतात; खटखट ऐकू येते ती हीच. खाली दाबल्यावर मात्र दोन्ही टोप्या गुंततात आणि एक होऊन फिरतात. दाब आणि फिरकी एकाच वेळी, दोन दिशांना. लहान मुलाकडे जोर असतो. दोन वेगळ्या हालचाली एकत्र जुळवणे त्याला जमत नाही. कोड्यातला फरक सापडला तो इथे.

अमेरिकेत ३० डिसेंबर १९७० रोजी विषबाधा प्रतिबंधक वेष्टन कायदा झाला आणि १९७२ पासून ॲस्पिरिनला तो लागू झाला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने वाचावा असा भाग म्हणजे त्याखालची चाचणी. झाकण किती बलाने उघडावे, दाते किती असावेत, यावर नियम काहीच सांगत नाहीत. ४२ ते ५१ महिन्यांची २०० मुले घ्यायची, दोघादोघांना एकत्र बसवायचे आणि बाटली हातात द्यायची. पाच मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये. मग न बोलता एकदा उघडून दाखवायची, दातही वापरता येतील असे सांगायचे आणि आणखी पाच मिनिटे द्यायची. तरीही किमान ८० टक्के मुले अडली पाहिजेत. गोळ्या सुट्या पाकिटांत असतील, तर आठांहून जास्त गोळ्या मोकळ्या करणारे मूल 'उघडले' या रकान्यात जाते. विषारी मात्रा त्याहून कमी गोळ्यांत होत असेल, तर मर्यादाही तेवढी खाली येते.

मोठ्यांची चाचणीही होती, पण १८ ते ४५ वयाच्या माणसांवर. इथे चूक होती. सर्वाधिक औषधे घेणारी पिढी चाचणीत नव्हतीच. ज्यांना झाकण उघडत नव्हते ते ते नुसतेच ठेवून देत, किंवा गोळ्या दुसऱ्या डबीत ओतत. सुट्टीला आलेल्या नातवंडाच्या हाती ती डबी लागे. शेवटी १९९५ मध्ये नियम बदलले आणि ५० ते ७० वयाच्या माणसांवर चाचणी सुरू झाली. त्यांच्यातल्या किमान ९० टक्क्यांना झाकण उघडता आणि परत लावता आले पाहिजे.

या झाकणांमुळे जीव वाचले का, यावर अर्थशास्त्रज्ञांत खडाजंगी झाली. किप व्हिस्कुसी यांनी १९८४ मध्ये मांडले की झाकणाच्या भरवशावर पालक गाफील होतात आणि फायदा पुसला जातो. युक्तिवाद सहज झटकण्यासारखा नव्हता, कारण उघड्या बाटल्या घरोघरी होत्याच. ॲस्पिरिनचा वापरही याच काळात घटत गेला, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हा घोळ होता. ग्रेगरी रॉजर्स यांनी १९९६ मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली, पोटात घ्यायची औषधे तपासली आणि असे इतर बदल हिशेबात धरले. १९७४ ते १९९२ या काळात सुमारे ४६० बालमृत्यू टळले, मृत्यूदर ४५ टक्क्यांनी कमी झाला, असा त्यांचा अंदाज आहे. मला रॉजर्स यांची बाजू जास्त पटते. पण १९९५ च्या बदलामागची अडचण व्हिस्कुसी यांनी आधीच ओळखली होती, हेही मान्य करायला हवे.

आपल्याकडे गोळ्या बहुतेक स्ट्रिपमध्ये मिळतात, त्यामुळे हा इतिहास परका वाटेल. पण भारतात मुलांच्या विषबाधेचे एक मोठे कारण रॉकेल आहे, आणि ते अनेकदा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेले असते. रॉकेल पातळ असल्याने श्वासनलिकेत सहज उतरते आणि फुफ्फुसांना सूज आणते. म्हणूनच मुलाला उलटी करवू नये असे डॉक्टर सांगतात. इथे कारखान्यातले झाकण उपयोगाचे नाही, कारण रॉकेल सुटे विकले जाते आणि बाटली ग्राहक आणतो. दक्षिण आफ्रिकेत हीच अडचण होती. तिथे एका प्रयोगात बालरोधक झाकणाची सुमारे २०,००० भांडी घरोघरी वाटली, आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या भागात मुलांनी रॉकेल पिण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले.