नाब्लुसचा मुलूख व त्याचें दप्तर

एखाद्या मुलखाचें दप्तर कोठें शोधावें, हें तो मुलूख कोणकोणत्या ठाण्यांकडे लावला होता यावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. पॅलेस्टाइनांतील नाब्लुस हें याचें बोधप्रद उदाहरण होय. म्हणून त्याच्या भूगोलाची व कारभाराची त्रोटक हकीकत आम्ही येथें देत आहों.

यरुशलेमच्या उत्तरेस सुमारें ५० किलोमीटरांवर, एबाल (९४० मीटर) व गरिज्जीम (८८१ मीटर) या डोंगरांमधील अरुंद खोऱ्यांत हें शहर वसलें आहे. दक्षिणोत्तर डोंगरवाट आणि किनाऱ्याकडून यार्देन नदीकडे जाणारी वाट येथें एकमेकींस छेदतात. झऱ्यांचें पाणीही मुबलक आहे. खिंडीच्या पूर्व तोंडाशीं असलेलें प्राचीन शखेम मोडल्यावर इ. स. ७२ त व्हेस्पेशियन बादशहानें पश्चिमेस जवळच फ्लाव्हिया निआपोलिस, म्हणजे ‘नवें शहर’, वसविलें. अरबींत ‘प’ हा वर्ण नाहीं, तेव्हां निआपोलिसचें नाब्लुस झालें. गरिज्जीम हा शोमरोनी समाजाचा पवित्र डोंगर. त्यांच्या प्राचीन लिपींतील धर्मग्रंथांच्या पोथ्या संग्राहकांस परिचितच आहेत.

१५१६ त उस्मानी तुर्कांनीं हा मुलूख घेतला व नाब्लुसचा संजक दमास्कसच्या सुभ्याखालीं आला. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या जमाबंदींत त्याचे चार नाहिये, म्हणजे परगणे, नोंदले आहेत : जबल शामी, जबल किबाल, काकून व बनी साब. पहिलीं दोन नांवें ध्यानांत घेण्याजोगीं आहेत. शाम म्हणजे दमास्कसचा प्रांत, तो उत्तरेस. किब्ला म्हणजे मक्केची दिशा, ती येथून दक्षिणेस. अर्थात् शहराचें खोरें हीच या दोन परगण्यांमधील वांटणी होती. काकून व बनी साब हे पश्चिमेकडे, किनाऱ्याच्या सपाटीकडे उतरणारे परगणे.

कागदोपत्रीं अंमल दमास्कसच्या पाशाचा असला तरी तो वर्षांतून एकदां, हजच्या काफल्याच्या खर्चासाठीं, फौजेसह वसुलीस फिरे. एरवीं सत्ता नीम्र, तूकान, जर्रार, अब्दुल हादी इत्यादि घराण्यांची. मिसरी अंमलांत (१८३१–१८४०) सक्तीची सैन्यभरती आली, तेव्हां १८३४ त कासिम अल्-अहमद याच्या पुढारीपणाखालीं हा डोंगरी मुलूख उठला. १८५९ त तुर्कांनीं अब्दुल हादींचें अराबा हें ठाणें पाडलें व घराण्यांचा जोर ओसरला. १८८८ त बैरूतचा नवा सुभा निघाला, त्यांत नाब्लुस घातलें गेलें.

यावरून वरिष्ठ सरकारी कागदांचा माग दमास्कस, बैरूत व इस्तंबूल असा तिहेरी निघतो. परंतु या कागदांत नाब्लुस दिसतें तें मुख्यतः वसुलाचा आंकडा किंवा बंडाची वार्ता म्हणून. तेथील माणूस दिसतो तो काझीच्या दप्तरांत. सतराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या या वह्यांत खरेदीखतें, वारसाचे वांटे, वक्फ, तेलाचे व साबणाचे व्यवहार उतरले आहेत. ‘महजर’ व ‘मिरास’ हे आपल्याकडील शब्द ज्या अरबी मुळांतून आले, त्याच मुळांतील शब्द तेथें जागोजाग भेटतात. शिवाय १८४८ ते १८५३ या काळांतील सल्लागार मंडळाची नोंदवही आहे. इहसान नीम्र यांनीं १९३८ पासून प्रसिद्ध केलेला जबल नाब्लुसचा इतिहास स्थानिक घराण्यांच्या कागदांचें मोल उघड करून दाखवितो. राजधान्या बदलल्या, पण हे कागद शहरांतच राहिले. आमच्या मतें संशोधनाचा पाया तेच होत.

२१ सप्टेंबर १९१८ रोजीं शहर इंग्रजांनीं घेतलें. १९४८ नंतर तें जॉर्डनकडे व १९६७ त इस्रायलच्या ताब्यांत गेलें. डिसेंबर १९९५ त शहराचा कारभार पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आला. जुना जबल नाब्लुस आतां नाब्लुस, जेनीन, तूलकर्म, कल्कील्या, सल्फीत व तूबास या जिल्ह्यांत विभागला आहे. ज्यास जुने कागद लावावयाचे आहेत त्यानें आजचा नकाशा बाजूस ठेवून प्रथम नाहियांची यादी हातीं घ्यावी. एरवीं गांव सांपडेल, पण त्याचा कागद सांपडणार नाहीं.