कालडी

केरळ राज्याच्या एर्नाकुलम जिल्ह्यात, पेरियार ऊर्फ पूर्णा नदीच्या तीरी वसलेले हे गाव अद्वैत वेदान्ताचे महान भाष्यकार आद्य शंकराचार्य यांचे जन्मस्थान होय. आचार्यांची कीर्ती हिमालयापर्यंत पोहोचली, तरी त्यांची ही जन्मभूमी दीर्घकाळ उपेक्षितच राहिली. शृंगेरी पीठाचे तत्कालीन जगद्गुरू सच्चिदानंद शिवाभिनव नृसिंह भारती यांनी पुढाकार घेतला, त्रावणकोर संस्थानच्या दरबाराने त्यास साहाय्य केले, आणि १९१० मध्ये येथे शारदांबा व शंकराचार्य यांच्या मंदिरांची प्रतिष्ठापना झाली.

याच आवारात आचार्यांच्या मातोश्री आर्यांबा यांची समाधी आहे. संन्याशाला अंत्यविधीचा अधिकार नाही, या सबबीवर भाऊबंदांनी पाठ फिरविली असता, मातेला दिलेल्या वचनास जागून आचार्यांनी एकट्यानेच तिला अग्नी दिला, अशी परंपरागत कथा आहे. सर्वसंगपरित्यागाचा उपदेश करणाऱ्या तत्त्वज्ञाची ही मातृभक्ती ज्या स्थळी स्मरली जाते, ते प्रस्तुत लेखकाच्या मते कालडीतील सर्वांत हृद्य स्थळ होय. जवळच, बालशंकराचा पाय मगरीने धरला आणि मातेने संन्यासाची अनुज्ञा दिली, असे जेथे घडल्याचे मानले जाते, तो घाट आहे. आचार्यांचे कुलदैवत असलेल्या श्रीकृष्णाचे मंदिरही नजीकच आहे.

कांची कामकोटी पीठाने उभारलेला आठ मजली कीर्तिस्तंभ, रामकृष्ण अद्वैताश्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेले संस्कृत विद्यापीठ ही येथील अन्य स्थळे. वैशाख शुद्ध पंचमीस शंकरजयंती साजरी होते. रेल्वेने येणाऱ्यास अंगमाली हे स्थानक सोयीचे असून कोचीनचा विमानतळही जवळच आहे.