ऑफिसने वाय-फायचं बिल देणं थांबवलं? कनेक्शन बदलण्याआधी हे वाचा

वर्क फ्रॉम होम संपलं की बऱ्याच ऑफिसांत इंटरनेटचा भत्ताही बंद होतो आणि दर महिन्याचं बिल आपल्या खिशातून जाऊ लागतं. आधी कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते बघा. ऑफिसच्या नावावर असेल तर राउटर कुणाकडे द्यायचा, हे एचआरला मेलवरच विचारा.

तुमच्या नावावर असेल तर लगेच तोडू नका. ॲपमध्ये त्याच कंपनीचा छोटा प्लॅन मिळतो का पाहा. एका व्हिडिओ कॉलला साधारण ३-४ एमबीपीएस लागतात. तीन-चार जणांच्या घराला २०० एमबीपीएस कशाला हवेत? आणि जाहिरातीतल्या किमतीवर बहुतेकदा १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, म्हणजे ३९९ चा प्लॅन जवळपास ४७१ रुपयांना पडतो.

तरीही कंपनी बदलायचीच असेल तर एक लक्षात ठेवा: मोबाइल नंबरसारखं ब्रॉडबँड पोर्ट होत नाही. नवीन कनेक्शन दोन-चार दिवस नीट चाललं, की मगच जुनं बंद करा.

खरी कटकट राउटरची. तो बहुतेक वेळा कंपनीचाच असतो आणि परत केल्याशिवाय डिपॉझिट सुटत नाही. न्यायला आलेल्या माणसाकडून पावती घ्या, सिरियल नंबरचा फोटो काढा. तोंडी 'हो, जमा झाला' चालत नाही.

नव्या वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, आजीचा फोन, सगळं बहुतेक आपोआप जोडलं जाईल.