चार मोकळ्या जागांचा इतिहास

महिन्याचा खर्च मोजायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. एकदा त्याने फक्त शेवटच्या नोंदीचीच रक्कम 'एकूण' म्हणून दाखवली. कोडचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. चुकला होता समास.

मी कोड आउटलाइनमध्ये लिहिते: शीर्षकांखाली छोटे तुकडे. ते जोडून फाइल बनवायला मीच एक स्क्रिप्ट केली होती. लूपमध्ये दोन ओळींचा तुकडा बसवताना तिने चार जागांचा समास पहिल्याच ओळीला दिला. दुसरी, म्हणजे बेरजेची ओळ, डावीकडे सरकून लूपच्या बाहेर पडली.

हा प्रश्न जुना आहे का, हे शोधत मी 1984 पर्यंत मागे गेले. डोनाल्ड क्नूथ यांनी त्या वर्षी 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' नावाचा निबंध लिहिला. प्रोग्रॅम माणसाला समजेल अशा क्रमाने तुकड्यांत लिहायचा आणि यंत्रासाठी तो नंतर जोडायचा, ही त्यातली कल्पना. त्यांचा 'टँगल' हे तुकडे जोडून पास्कल कोड बनवी, तेव्हा समासाची पर्वा करत नसे. पास्कलमध्ये गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे 'बिगिन' आणि 'एंड' हे शब्द सांगतात. समास फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी.

1991 मध्ये गीदो व्हान रॉसम यांची पायथन आली. तिच्यात समास हेच व्याकरण. आता जोडणाऱ्याला मोकळ्या जागाही सांभाळणं भाग होतं. नॉर्मन रॅम्झी यांचं 'नोवेब' तुकडा जिथे बसतो तिथला समास त्याच्या सगळ्या ओळींना देतं. नोवेबपासून प्रेरणा घेतलेल्या एडवर्ड रीम यांच्या 'लिओ' एडिटरमध्ये आउटलाइनमधला तुकडा डाव्या कडेपासून लिहायचा. फाइलमध्ये जाताना त्याला जागेनुसार समास मिळतो. फाइल परत वाचताना, कॉमेंटच्या रूपातल्या खुणा पाहून, तेवढाच समास काढला जातो.

खरी कसोटी या परतीच्या प्रवासात आहे. जाताना चार जागा वाढल्या आणि येताना कमी झाल्या नाहीत, तर पुढच्या फेरीला आठ होतात, मग बारा. आणि बाहेरून कुणी एखादी ओळ अपेक्षेपेक्षा डावीकडे लिहिली, तर तिच्यातून वजा काय करणार?

म्हणजे तो समास तुकड्याचा नसतो, जागेचा असतो. जागा सोडताना तो तिथेच ठेवून यायचा.

स्क्रिप्ट दुरुस्त केली. बेरीज बरोबर आली. खर्च अर्थातच जास्त निघाला.